उसना डावा हात

परातीतले तांदूळ अर्धे निवडून झाले, तेव्हा कुठे काजवाल्या बाईंच्या ध्यानात आलं, की मघापासून खडे डावा हात वेचतोय. उजवा मांडीवर निवांत पडलाय, पाहुण्यासारखा. त्यांनी डावा हात चटकन काखेत दाबून धरला.

"पुन्हा?" चष्मा पुसता पुसता नवरा म्हणाला. "अगं, दुकानात मरमर राबतो बिचारा, घरी आल्यावर तरी त्याला सुट्टी दे."

एरवी त्या हसल्या असत्या. आज परात तशीच पुढ्यात ठेवून भिंतीतल्या कपाटाकडे बघत राहिल्या.

बाई जेवतात उजव्या हाताने, लिहितात उजव्या हाताने. फक्त काज तेवढं डाव्याने. कोटाला असं काज दुसरं कोणी करत नाही म्हणून लोक लांबून कापड घेऊन येतात, आणि म्हणतात, हाताला यश आहे हो. बाई मान खाली घालतात. लोकांना तो विनय वाटतो. पण देवापुढे हात जोडले, की डावा तळवा उजव्याला परक्याचा लागतो. गार. बत्तीस वर्षं झाली, तो काही ऊबदार झाला नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना कोणी बाई म्हणत नव्हतं. 'टाचणी' म्हणत. आई जिने पुसायची, आणि ही मुलगी मास्तरांच्या शिवणखान्यात झाडू मारायची, दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवून सांडलेल्या टाचण्या गोळा करायची. पुढे बटणं लावायला मिळाली, भिंतीवरच्या फळीत स्वतःचा एक खण मिळाला. तिथली रीतच तशी होती. कपड्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. ज्याच्या खणात काम, त्याचं ते काम.

शेजारी बसायची डावखुरी. तीन महिन्यांपूर्वी आलेली, बोलकी, हसरी. मास्तरांचा नियम कडक होता, "माझ्याकडे डाव्या हाताचं काम चालणार नाही." म्हणून ती मास्तरांसमोर उजव्याने शिवायची, तेही वेडंवाकडं, आणि ते बाहेर गेले की डाव्याने. मग बघत राहावं.

"समोर बस गं टाचणे," ती म्हणायची. "आरशात बघतेस असं समज. माझा डावा, तुझा उजवा."

"आणि मास्तर आले तर?"

"तर मी टाके चुकवते, तू खोकल्याचं सोंग कर."

काजाच्या टोकाला ती तीन आडवे टाके घालायची आणि चौथा उलटा. "हा माझा," म्हणायची. "बाकीचे गिऱ्हाइकाचे."

एके दिवशी एकसारख्या काळ्या कोटांचा ढीग न मोजता वाटून मास्तर बाहेरगावी गेले. आपल्या वाट्याच्या कोटाची सगळी काजं तिने डाव्या हाताने केली. संपवता संपवता अंगात ताप भरला. दारातूनच म्हणाली, "कोट तेवढा माझ्या खणात ठेव गं."

डावखुरीचा खण वरचा. टाचणीच्या दोन्ही हातांत अस्तरं. तिने कोट खालच्या, आपल्याच खणात ठेवला, सकाळी वर ठेवू म्हणून. यात पाप नव्हतं. पाप सकाळी झालं.

सकाळी मास्तर तिच्या आधी पोचले होते. कोट खिडकीशी धरून ते काजांवरून अंगठा फिरवत होते.

"तुझा खण ना हा? तूच केलंस हे?"

खरं सांगावं तर डावखुरीचा डावा हात उघडा पडणार, असं तिने मनाला सांगितलं. मन केव्हाही वकिली करायला तयार असतं. तिने मान हलवली. एकदाच.

"पुढच्या कोटाची काजं तू करायची. माझ्यासमोर."

पुढचा कोट शिवून व्हायला आठ दिवस होते. उजव्या हाताने ती वीण जमेना. वळ दुसऱ्या बाजूला पडायचा, अंगठ्याला लगेच कळायचं. मग तिने सुई डाव्या हातात घेतली. बोटं रक्ताळली, पण नवव्या दिवशी मास्तरांसमोर काज उतरलं, चौथ्या उलट्या टाक्यासकट. मास्तर हसले. "डाव्या हातात एवढी कला असते होय! माझीच चूक झाली पोरी."

खिडकीजवळची खुर्ची तिला मिळाली. डावखुरीला मात्र निरोप गेला होता, कोट हरवलास, आता येऊ नकोस. तिचा खण रिकामा होता ना, आणि टाचणीने ढिगातला वेगळा कोट उचलला असं मास्तर समजले होते. पुलापलीकडचा पत्ता माहीत असून टाचणी गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, आणि मग जायला तोंड उरलं नाही.

पुढे मास्तर थकले, शिवणखाना तिच्या हाती आला. कपडे घालून बघायच्या खोलीत मोठा आरसा होता. बाई शिवायला बसल्या की आरशातली बाई उजव्या हाताने शिवायची. ती आपली आपण शिकलेली वाटायची. बाईंनी त्या आरशावर चादर टाकली, ती टाकलीच.

खाई त्याला खवखवे म्हणतात. देव घाई करत नाही, पण पत्ता विसरत नाही.

चार दिवसांपूर्वी एक मुलगी काम मागायला आली. "आधीच सांगते मावशी, मी डावखुरी आहे."

दुकानातल्या सगळ्या शिवणाऱ्या खिदळल्या. "अगं, इथे मालकीणच डावखुरी!"

मुलीने नमुन्याचं काज करून दिलं. बाईंनी अंगठा फिरवला. तीन आडवे, चौथा उलटा.

"कोणी शिकवलं?"

"आईने. आता डोळे गेलेत तिचे, पण बोटांनी सगळं वाचते. तीही मास्तरांकडे होती. एक कोट हरवला म्हणून काढलं तिला."

"हरवला कसा?"

"तापात होती ना. म्हणते, माझीच मेलीची चूक, कुठे ठेवला कुणास ठाऊक. अजून झोपेत फळीवर शोधते, हात वर करून." मुलगी जराशी लाजली. "मावशी, तुमच्या हातचा एखादा कोट तिला चाचपायला द्याल? इथे डाव्या हाताने काम होतं ऐकल्यापासून हरखलीय. तिचा एक निरोपही आहे. 'डाव्या हाताचं काम तिथे कोणीतरी निभावून नेलं, देव त्या हाताचं भलं करो.'"

शाप दिला असता तर बाईंनी सोसला असता. या आशीर्वादाने चार दिवस घास उतरला नव्हता.

"कपाटात काय बघतेस?" नवऱ्याने विचारलं.

बाई उठल्या. नमुना म्हणून मास्तरांनी जपलेला तो काळा कोट तळाशी होता. आपलं दुसरं कुठलंही काम नेता आलं असतं, आणि मूठ झाकलेली राहिली असती. त्यांनी तोच कोट काढला. चौथ्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि कोट कागदात बांधला, उजव्या हाताने.

"आणि हे तांदूळ?"

"तुम्ही निवडा उरलेले."

"मी? कुठल्या हाताने?"

"तुमच्या तुम्ही," म्हणत त्यांनी चपला घातल्या. पुलापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, डावखुरीला तिचा कोट द्यायला जायचं होतं.