शेवटच्या बाकावरच्या मॅडम

वर्गात आल्या की मॅडम खडू टेबलावर ठेवायच्या आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. मग म्हणायच्या, "हं, काय अडलं?" बस्स. तास सुरू.

पारगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात आमचं हायस्कूल. मी तिथं मराठी शिकवतो. इतकी वर्षं झालीत की आता शिकवताना कान घंटेकडे असतात. तुम्ही कुठल्या शाळेत काम केलं असेल तर तुम्हाला हा आजार सांगायला नको.

मॅडम दहावीला विज्ञान शिकवायला आल्या त्या तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नेमणूक नव्यानं, तीही मुख्याध्यापकांच्या मर्जीनं. अशा माणसानं गुपचूप राहावं की नाही? यांनी आल्या आल्या शाळाच उलटी केली. धडा घरी शिकायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा! स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्या धड्याचा व्हिडिओ करायच्या आणि मुलांच्या ग्रुपवर टाकायच्या. मुलांनी तो बघून यायचं. वर्गात मग नुसती गणितं, शंका आणि भांडणं.

मी म्हणालो, "मॅडम, कशाला जिवाला त्रास? फळ्यावर लिहा, मुलं उतरवून घेतील, सुटला विषय."

"उतरवतात हो सर. पण त्यात त्यांना काय कळलं नाही, ते मला कळत नाही ना!"

पण मुलांच्या घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. बाप टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला, की व्हिडिओही त्याच्याबरोबर नारायणगावला. पोरं दुसऱ्या दिवशी कोरडी यायची. मॅडम चिडायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांना स्वतःच्या फोनवर धडा दाखवत बसायच्या. डबा तसाच राहायचा. मला तर त्यांच्याकडं बघूनच दमायला व्हायचं.

मग पालकसभा झाली. एक जण उठला. "मॅडम शिकवीतच न्हाईत. मागं बसून पोरांनाच इचारत्यात. मग आमी पोरं साळंत धाडायची कशाला?"

बऱ्याच माना डोलल्या. तेवढ्यात एक टोमॅटोवाले भाऊ उभे राहिले. "शिकवत्यात की राव! मी बघतो ना त्यांचा व्हिडिओ गाडीत, मार्केटात नंबर लागस्तोवर. त्ये भिंगाचं मला लई भारी कळलंय."

सभा खो खो हसली. मॅडमही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या हसण्यात भाऊंचं खरं बोलणं वाहून गेलं.

सभा संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "तुमचा वर्ग शेजारी. जूनला त्यांना ठेवायचं की नाही ते ठरवायचंय. सांगा, शिकवतात का त्या?"

मला सगळं माहीत होतं. वर्षभर तोंड न उघडणारी एक ऊसतोड मजुराची मुलगी फळ्यापाशी उभी राहून पहिल्या नंबरच्या मुलाशी तावातावानं भांडताना मी खिडकीतून पाहिली होती. गणित तिचंच बरोबर होतं. हे सांगितलं असतं तर मुख्याध्यापकांनी फाटे फोडले असते, वाद झाला असता, आणि मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "गोंगाट फार असतो."

खोटं नव्हतं. पण त्याची लाज अजून जात नाही.

जूनमध्ये मॅडमना बोलावणं गेलं नाही. नवीन माणूस मिळेपर्यंत विज्ञानाचे तास पडले माझ्याच गळ्यात. भिंगांचा धडा तीन वेळा वाचला. वस्तूचं अंतर उणे का घ्यायचं, डोक्यात शिरेना. शेवटी मन घट्ट करून त्यांना फोन लावला. त्या आता नारायणगावात खतं-औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात.

"बोला ना सर!" आवाजात खराखुरा आनंद. मी अडचण सांगितली. मागून गिऱ्हाईक ओरडत होतं, "मॅडम, करप्याचं औषध द्या की!"

"दोन मिनिटं थांबा भाऊ, शिकवतेय."

त्यांनी समजावलं, मग माझ्याकडून एक गणित करून घेतलं. चुकलं. परत करायला लावलं. त्या सभेचा विषय आता निघेल, मग निघेल, असं मला वाटत होतं. पण अवाक्षर नाही. मी काय बोललो ते त्यांना ठाऊक नसेल. किंवा असेलही.

शेवटी म्हणाल्या, "सर, उद्या मुलांना लगेच उत्तर सांगू नका हं. आधी चुकू द्या त्यांना."

"बरं," मी म्हणालो. माफी अगदी ओठांवर आली होती. तोवर त्या फोन ठेवून करप्याचं औषध काढायला वळल्या होत्या.