शेख मॅडमची रेणू

शेख मॅडम पेशंटचं नाव मागाहून विचारायच्या, आधी हात धरायच्या. तोही मोजे न घालता. माझा हात तेव्हा धरण्यासारखा नव्हता. कोपरापासून बोटांपर्यंत लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे, बसलो तिथं कोंडा. गावातला न्हावी मला लांबून पाहिलं की दुकान बंद करायची वेळ झाली म्हणायचा. मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचो आणि कुणी विचारलं तर थंडी वाजते म्हणायचो. त्यात नातीचं लग्न ठरलेलं. पाहुण्यांसमोर या हातानं तिला हळद कशी लावायची, ही काळजी मी कुणाला बोललो नव्हतो.

मी निफाडकडचा द्राक्षवाला. शाळा चौथीपर्यंत, पण बागेतलं मला कुणी शिकवायचं नाही. वेलीवर भुरी म्हणजे पांढरी बुरशी येते तशी माझ्या अंगावर आलीय, असं मी ठरवलं आणि बागेत तिच्यावर मारतात ते गंधक अंगाला फासलं. मग जी आग झाली, ती घेऊन नाशिकला मॅडमकडे गेलो.

मॅडमनी हात धरला, अंगठ्यानं चट्टा चोळला. "काका, हा सोरायसिस आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. भुरी द्राक्षाला होऊ द्या."

मॅडम मालेगावच्या, यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या. रोगसुद्धा मागावर घालून सांगायच्या. "महिन्याचं कापड तुमची कातडी आठवड्यात विणते. कच्चं कापड, म्हणून पापुद्रे."

"पण एवढी घाई करायला तिला सांगतं कोण?"

मॅडम खूश झाल्या. त्यांचं संशोधन त्याच्यावरच चाललेलं. माझ्याही कातडीचा मसुराएवढा तुकडा त्यांनी तपासायला घेतला होता. पेशंटला सगळं मराठीत समजावायचं म्हणून त्या शब्द पाठ करून आलेल्या. "तुमच्या अंगात एक रेणू आहे. इकडचे निरोप तिकडे नेते. सारखी भडकवते. ही आग सगळी त्या रेणूमुळं."

मी चाट पडलो. माझ्या सुनेचं नाव रेणू. शास्त्रातला रेणू 'तो' असतो, मॅडमच्या मालेगावी मराठीत त्याची 'ती' झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की बाई हुशार, घरी न येता ओळखलं.

घरी येऊन मी चुलीपाशीच सांगितलं, "निदान झालं. रेणूमुळं होतंय."

रेणूची भाकरी हातात राहिली. "म्या काय केलं?"

"इकडचं तिकडं सांगती. त्यानं आग लागती."

"पुढल्या वेळी म्या येते, नाना. बघू द्या कोण बाई हाय."

आली ती पदर खोचूनच. "मॅडम, रेणू म्हंजी मीच." मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर डोकं टेकवून हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझी रेणू इतकी बारीक आहे की डोळ्याला दिसत नाही."

रेणू माझ्याकडे वळली. "म्या दिसते का, नाना?"

"ऐकू येती," मी म्हणालो. मी सहजी माघार घेणारा माणूस नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. मॅडम म्हणायच्या, "हे रेणूचं तोंड बंद करायचं औषध. रोग मुळासकट जात नाही, काका. औषध थांबलं की ती परत बोलायला लागेल." घरातली रेणू मात्र बोलतच राहिली आणि माझी एकही खेप तिनं चुकू दिली नाही.

हळदीच्या दिवशी चट्टे फिके पडले होते, पण डाग होते. मी मांडवाच्या खांबाआड स्वेटर घालून उभा. रेणूनं मॅडमना बोलावलेलं. त्या थेट माझ्याकडे आल्या, बाही वर सारली, सगळ्या पाहुण्यांदेखत हात धरून उलटासुलटा पाहिला आणि रेणूपुढं नेला. "लावा, काका. रेणू गप आहे."

"कोण म्हणतं?" रेणू म्हणाली आणि हळदीची वाटी पुढं केली.

नातीच्या दोन्ही गालांना मी हळद लावली. व्याह्यांनी पुढं येऊन त्याच हातात हात दिला.

मॅडम आता लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. त्यांच्या खुर्चीवर नवा पोरगेला डॉक्टर आहे. मी गेलो की आधी हात टेबलावर ठेवतो. तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणतो, "बाबा, आधार कार्ड?"

कार्ड रेणू देते. मी हात तसाच ठेवतो. हट्टी मीही आहे. धरेल कधीतरी.