दाजींचा पाना

आमच्या दाजींनी एकदा आवळलेली वस्तू पुन्हा सुटल्याचं उदाहरण अख्ख्या औरंगाबादेत सापडायचं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या सिडकोतल्या घरी लोणच्याची बरणी उघडायला शेजारच्या पहिलवानाला हाक मारावी लागे, आणि नळ असे पिळलेले असत की पाहुणे तोंड न धुताच चहाला बसत. आमच्याकडं आले की चपला काढायच्या आधी ते खिशातला पाना काढत. एकदा त्यांनी माझ्या धाकटीच्या तीनचाकी सायकलचं हँडल आवळून दिलं. त्यानंतर ती पोर फक्त सरळ जाई आणि भिंत आली की खाली उतरून, सायकल उचलून तोंड फिरवी. मी कुरकुर केली तर म्हणाले, "वळली नाय तरी चालंल. निखळली नाय पायजे."

यावर आमच्यात कुणी हसत नसे. फुलंब्रीच्या रस्त्यावर दाजींच्या गाडीचं पुढचं चाक आत मोडून पडलं होतं, गाडी झाडावर गेली होती आणि शेजारी बसलेली माझी आक्का जागीच गेली होती. दाजींना साधं खरचटलंही नव्हतं. आदल्याच दिवशी एका गॅरेजातून चाकांचे धक्के झेलणारे नवे शॉकप बसवून आणलेले. नट नुसते हातानं लावले होते, पाना फिरवायचा राहून गेला होता, हे मागाहून कळलं. आम्ही भाऊ-भाऊ त्या गॅरेजवाल्याकडं निघालो तर दाजी दारात आडवे झाले. "त्यानं सोडले, म्या बघितले नाय. दोघं सारखेच." तेरावं झालं आणि ते जुन्या बाजारातून पान्यांचा संच घेऊन आले.

मग गाडीला दुसऱ्याचा हात लागला नाही. गाडीही दुसरी, जुनीच घेतलेली. कोपऱ्यावर भाजी आणायला निघायचं तरी आधी चारही चाकांची तपासणी व्हायची आणि ती संपेपर्यंत भाजीवाले उठून गेलेले असत.

अशात माझी भाची वैशाली हिला अजिंठ्याच्या शाळेत नोकरी लागली. रस्ता फुलंब्रीवरूनच. गाडी ती घेऊन जाणार म्हणाली.

"एसटीनं जा," दाजी म्हणाले.

"एसटीचे नट कोण बघतं, बाबा?"

दाजी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी नवे शॉकप घरी आले.

पहिल्या खेपेला त्यांनी आपल्या रीतीप्रमाणं सगळा जीव लावून आवळलं, आणि कोरा करकरीत बोल्ट मुळापासून तुटून हातात आला. तो तुकडा तळहातावर घेऊन ते पायरीवर कितीतरी वेळ बसले होते. चेहरा आक्काला आणलं त्या दिवसासारखा. मग कुठून तरी गाडीचं पुस्तक मिळवलं, एका जाणत्याला गाठलं, आणि ठरल्या जोरावर 'टक्' असा आवाज करणारा पाना विकत घेतला.

पुढच्या रविवारी मी मदतीला. जाणत्याच्या थाटात मी वरच्या मधल्या नटाला पाना लावला तर दाजी केवढ्यानं ओरडले! "पाव्हणं, त्याला हात लावू नका! खाली स्प्रिंग दाबलेली हाय, डोकं उडंल." वरचे बाकीचे नट त्यांनी नुसते हातानं बसवले, खालचे बोल्ट पान्यानं पक्के केले, चाक चढवलं. गाडी जॅकवरून उतरवली, बॉनेट दाबून दाबून हलवली. "गाडी सोताच्या वजनावर बसू द्यायची. शेवटचं आवळायचं ते मग."

पण त्या शेवटच्या वेळी दाजींचा हात थरथरायला लागला. ती थरथर हल्ली चहाच्या कपातही दिसायची. पाना नटावरून दोनदा घसरला. त्यांनी मला दिला नाही. दारात उभ्या वैशालीला हाक मारली. "तू आवळ. टक् वाजलं की थांब. पुढं जराबी नाय." ती एकेक नट आवळत गेली आणि दर वेळी दाजी कान देऊन, डोळे मिटून उभे राहिले.

फुलंब्रीच्या वाटेवरच्या हर्सूलपर्यंत जाऊन परतायचं ठरलं. वैशाली चालवायला, शेजारी दाजी, मागं मी. हर्सूल आलं तरी तिनं गाडी वळवली नाही. ते झाड मागं पडलं तेव्हा मी खाली पाहिलं. मग दाजी म्हणाले, "तुझी आई त्या दिवशी लई बोलत होती."

"काय बोलत होती?" वैशालीनं विचारलं. हे धाडस इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला झालं नव्हतं.

"सीताफळं घ्या म्हणत होती. म्या म्हणलं, येताना घेऊ."

वैशालीनं फुलंब्रीत गाडी उभी केली. रस्त्याकडेला एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. दाजी उतरले, खाली बसले आणि त्या कापऱ्या हातांनी एकेक सीताफळ उचलून, हलकेच दाबून पाहू लागले. फळांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी म्हातारीच्या टोपलीतला पालाही मागून घेतला.

दाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला आठवतात ते परतीच्या वाटेवरचे. घर येईपर्यंत सीताफळांची ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.