वहिनीचा हात आणि मुंबईची गाडी

आमच्या भागात मरणाची बातमी कुणी सरळ देत नाही. 'जरा तब्येत बिघडलीय, निघून या,' एवढंच सांगतात, आणि माणूस बसमध्ये बसून वाटेतल्या सगळ्या देवांना नवस बोलत येतो. माझ्या वडिलांच्या वेळी मी असे पुष्कळ नवस बोलले होते. नंतर कळलं, माझी बस सुटायच्या आधीच ते गेले होते. त्या फसवणुकीचा राग मला वर्षानुवर्षं पुरला. म्हणून गेल्या महिन्यात पहाटे ठाणाकुशनूरला माझा फोन वाजला आणि पलीकडून माझा भाचा चन्नू बोलला, तेव्हा मी ऐकतच राहिले. "आत्या, अव्वा गेली. झोपंतच गेली. तू सावकाश ये, आम्ही थांबताव." बस, एवढंच. अव्वा म्हणजे त्याची आई, माझी सुगलावहिनी.

नंतर नातेवाइकांनी त्याला बोल लावले. म्हातारी आत्या एकटी बसनं येणार, तिला असं तोंडावर सांगतात का म्हणे! पण बिदरला बस बदलून गुलबर्ग्याला पोचेपर्यंत मला पोटभर रडता आलं. शेजारच्या बाईनं पाणी दिलं, कोण गेलं विचारलं, आणि हुमनाबाद येईपर्यंत मी तिला सुगलावहिनीबद्दल सांगत बसले. खोटी आशा धरून बसण्यापेक्षा ते फार बरं होतं. आणि चन्नू असं सरळ बोलायला कुठं शिकला, तेही मला ठाऊक होतं. त्या वेळी मी तिथंच होते.

सुगलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. मुडबीची. लग्न होऊन आली तेव्हा चांगली खणखणीत बोलायची, गायची. चन्नूच्या जन्मानंतर तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मी तेव्हा शाळेत होते. वहिनीला आता हाक ऐकू येणार नाही, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटायचं नाही. मी आपली मागून हाका मारायची आणि मग तोंडावर हात घेऊन उभी राहायची...

पण बाई मोठी खटपटी. ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली. कन्नडचे ओठ वेगळे हलतात, मराठीचे वेगळे, आणि भाजीवाल्या मौसीच्या दखनीचे आणखी तिसरेच, असं ती मला समजावून सांगायची. जे ओठांवर दिसत नाही, ते ती हातानं ओळखायची. दाराच्या चौकटीला हात लावून, बाहेर कुणी कडी वाजवतंय का ते. माझ्या पाठीवर हात ठेवून, मी रडतेय का हसतेय ते. अण्णा तुरीच्या डाळ मिलमध्ये कामाला लागला आणि त्यांनी गुलबर्ग्यात स्टेशनच्या पलीकडं दोन खोल्या घेतल्या, तेव्हा तिला तिथली मागची भिंत सापडली. घर आणि रूळ यांच्या मध्ये एक गोदाम होतं, त्यामुळं गाड्या दिसायच्या नाहीत. पण गाडी आली की ती भिंत थरथरायची. वहिनी भांड्यांच्या मांडणीशेजारी तळहात टेकवून उभी राहायची आणि सांगायची, ही मालगाडी, ही मुंबईची. मालगाडी रेंगाळत जाते, मुंबईची गाडी स्टेशनात थांबायची असते म्हणून तिची थरथर हळूहळू विरत जाते, असं तिचं म्हणणं. आम्ही बाहेर धावत जाऊन पडताळा घ्यायचो. ती कधी चुकली नाही, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता! ऐकू येत नसलेल्या बाईला असा तोरा मिरवायला मिळाला, याचंच मला बरं वाटायचं.

घरातलं एकुलतं घड्याळ अण्णाच्या मनगटावर, आणि अण्णा दुसऱ्या पाळीला. तेव्हा लेकरांच्या झोपेची वेळ या भिंतीवरच ठरायची. मुंबईची गाडी आली की मंदीनं आणि चन्नूनं अंथरुणात शिरायचं. लेकरं तिला 'आपली गाडी' म्हणत. मंदी थोरली, चौथी-पाचवीत असेल. चन्नू नुकता शाळेत जायला लागलेला, आणि बोलण्यात मंदीहूनही थोरला.

मी त्या वर्षी तिथंच शिक्षिकेचं ट्रेनिंग करत होते. राहायला वसतिगृहात आणि दर रविवारी वहिनीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीसाठी अण्णाच्या घरी. त्या दिवसांत शेजाऱ्यांकडं रंगीत टीव्ही आला, आणि त्यावर भुताची एक मालिका लागायची, नेमकी आपल्या गाडीनंतर. शाळेतली सगळी पोरं ती बघायची आणि आमची दोघं सकाळी वर्गात खुळ्यासारखी बसायची. एके रात्री भिंत थरथरली, वहिनीनं अंथरुणाकडं बोट दाखवलं आणि चन्नू सहज बोलून गेला, "अव्वा, मालगाडी हाय. आपली गाडी यायची हाय अजून." वहिनीनं मंदीकडं बघितलं. मंदीनं मान डोलावली. झालं. दोघं शेजारी पळाली, भूत बघून आली, आणि मग खरीखुरी मालगाडी गेली तेव्हा स्वतःहून सांगितलं, "आता आली बघ आपली." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपण काही चोरत नाही, मारामारी करत नाही, नुसतं एका गाडीला दुसरी गाडी म्हणतो, त्यात काय मोठं, असंच लेकरांना वाटलं असणार.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसली ती वहिनी. एका रविवारी गेले तर मी दारात उभी, कडी वाजवतेय, आणि किती वेळ कुणी उघडेना. एरवी चौकटीला हात लावून ती लगेच यायची. बाजारात जायचं तर रूळ ओलांडावे लागत. आधी ती एकटी जायची, रुळावर पाऊल टेकवून अंदाज घ्यायची आणि पलीकडं व्हायची. आता म्हणाली, मंदी शाळेतून आल्याशिवाय मी जात नाही. भाजी संपली होती, तरी गेली नव्हती. मी विचारलं, काय झालं? तर हसून विषय बदलला. त्या हसण्यात काही दम नव्हता.

पुढच्या रविवारी रात्री जेवताना अण्णा घरी होता. वहिनी त्याला म्हणाली, लेकरांना मुडबीला माझ्या आईकडं ठेवा. अण्णा घास हातात धरून बघत राहिला. कामून, म्हणाला. तिनं आपला उजवा हात ताटावर उलटा धरला आणि त्याच्याकडं बघत बोलली, "कान गेले तवा म्या रडले न्हाई. हात हुता. आता हातबी गेलाय. रोज म्हनतो मुंबईची, आन् निगती मालगाडी. उद्या चन्न्या रुळावर असंल आन् माझा हात गाडी न्हाई म्हनंल... म्या काय करू?"

लेकरं तिथंच ताटावर बसली होती. मंदीचा चेहरा मी बघितला आणि मला सगळं कळलं. म्हणजे कशासाठी ते नाही, पण कुणी काय केलंय ते. पुढं शाळेत तीस-एक वर्षं काढली, असे चेहरे पुष्कळ बघितले, पण तो पहिला. माझा संताप झाला. ही बाई लेकरांच्या शब्दावर एवढी विसंबून होती की दोघांत निवड करायची वेळ आली तेव्हा तिनं स्वतःचा हात खोटा ठरवला होता, लेकरं नाही. मी मंदीचा दंड धरणार होते. बरं झालं धरला नाही.

मंदी स्वतःच उठली. खरकटा हात धुतला, वहिनीला हाताला धरून मागच्या भिंतीशी घेऊन गेली आणि तिचा तळहात मांडणीशेजारी टेकवला. गाडी यायला अवकाश होता. वहिनीला काही कळेना, अण्णा विचारत राहिला. आम्ही सगळे ताटं सोडून त्या भिंतीपाशी उभे. चन्नू पाटावरच रडायला लागला. मग भांडी किणकिणली. थरथर आली, वाढली, आणि विरत विरत स्टेशनाकडं गेली. मंदी तिच्या समोर आली आणि बोलायला गेली, पण तिलाही रडू फुटलं आणि तोंड वेडंवाकडं झालं.

वहिनी म्हणाली, "रडू नको. व्हट दिसंनात मला. नीट सांग."

ऐकू येणाऱ्या आईपुढं लेकराला मान खाली घालून, पुटपुटत, पदरात तोंड लपवून कबूल करता येतं. मंदीला ती सोय नव्हती. तिला डोळे पुसून, मान वर करून, एकेक शब्द आईच्या तोंडासमोर स्पष्ट उच्चारावा लागला. "ही आपली गाडी हाय, अव्वा. रोज हीच हुती. आम्ही खोटं बोललाव. तुझा हात खराय."

वहिनीनं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. भिंतीवरचा हात काढून तिनं तो बघितला, परत टेकवला, आणि तशीच उभी राहिली. आमची जेवणं गार झाली. बऱ्याच वेळानं पुन्हा भांडी वाजली, खूप वेळ वाजत राहिली. "मालगाडी," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. मग वळून चन्नूला विचारलं, "व्हय का न्हाई?" चन्नूनं नाक ओढत मान डोलावली. तिला तेवढं पुरलं नाही. तोंडानं सांग, म्हणाली. "व्हय," चन्नू म्हणाला. तेव्हा कुठं ती खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता हसायला लागली. मीही रडले. अण्णानं उगाचच मला पाणी दिलं.

"झोपायचं न्हाई तर न्हाई म्हना," ती दोघांना म्हणाली. "म्या वरडीन. वरडू द्या. पर माझा हात खोटा पाडू नका."

मुडबीचा विषय तिथंच मिटला. दुसऱ्या दिवशी वहिनी एकटी बाजारात गेली आणि पिशवीभर भाजी घेऊन आली. त्यानंतर लेकरं उघड उघड भांडू लागली. आज झोपत नाही, भूत बघायचंय म्हणायची. वहिनी ओरडायची, आणि शनिवारी सोडायचीही. खरं सांगितलं म्हणून दर वेळी मनासारखं होतं असं नाही, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

त्या घरानं मग खरेपणाचा जरा अतिरेकच केला, असं मी कौतुकानं म्हणते. मंदीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईचं बहिरेपण लग्नापर्यंत झाकून ठेवा म्हणणारे सल्लागार पुष्कळ होते. मंदीनं चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधी सांगून टाकलं, माझ्या आईशी बोलायचं तर समोर बसून बोला. ज्याला ते आवडलं, तोच आज आमचा जावई आहे. आणि नवी साडी कशी दिसते, हे मी चन्नूला विचारणं कधीच सोडून दिलंय.

शेवटच्या आजारात, वहिनीला काही सांगू नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. तिनं चन्नूला समोर बसवलं आणि विचारलं. त्यानं डोळे पुसले, ओठ दिसतील असा बसला आणि सांगितलं. मला ते नंतर कळलं. वहिनी त्यानंतर मुडबीला जाऊन आली, बहिणींना भेटली, शेतातला हरभरा खाऊन आली. फसवलेल्या माणसाला एवढं सगळं करायला सवड मिळाली नसती.

माती देऊन आलो, त्यानंतरचे काही दिवस मी तिथंच राहिले. आता ते घर अण्णाचं स्वतःचं आहे. दोनदा रंग दिला, पण मांडणीशेजारची तळहाताएवढी जागा वहिनीनं रंगवू दिली नाही. रंगानं हात बधिर होतो म्हणे. तिथं गिलावा काळा, गुळगुळीत झालाय.

एका रात्री जेवणानंतर भिंत थरथरली. चन्नूनं आपल्या लेकीला, अक्कूला, झोपायला सांगितलं. ती सहा वर्षांची, आजीच्या कडेवर वाढलेली. म्हणाली, "मालगाडी हाय, अप्पा." चन्नूनं माझ्याकडं बघितलं. अक्कूनं आमच्याकडं बघितलं, मग त्या काळ्या जागेकडं. भिंतीशी जाऊन टाचा उंचावून तिथं हात टेकवला आणि थोड्या वेळानं वळली. "न्हाई. आपलीच हुती," ती म्हणाली. "पर मला झोपायचं न्हाई. अज्जीची आठवन यायलीय."

चन्नूनं तिला बसू दिलं. मीही तिच्या हाताशेजारी माझा हात टेकवला. माझे कान अजून शाबूत आहेत, हात मात्र अडाणी. मला काहीच कळेना. बाहेर सगळं शांत होतं.

"आत्याअज्जी, मालगाडी यायलीय," अक्कू म्हणाली.

मला ऐकू येत नव्हतं. मी विश्वास ठेवला.