उताऱ्यावरच्या गोळ्या

मांजर आडवं गेलं म्हणून थांबणारी बाई मी नाही. उलट मांजरालाच म्हणते, "जा बाई, तुझंच काम अडेल." इथे ग्रुपवर लोकांचे असले अनुभव वाचून मी कितीदा तरी नाक मुरडलंय. यांना रात्रीचं पचत नाही, दुसरं काय! त्यामुळे माझं वाचून कोणी हसलं तर हसा. चार महिन्यांपूर्वी मी पण हसले असते.

आम्ही अंबडचे. गावाच्या अगदी टोकाला घर आहे. मागून एक कच्चा रस्ता निघतो आणि थोडं पुढे जाऊन त्याच्या दोन वाटा होतात. त्याला आम्ही तिठा म्हणतो. घरात तिघं - मी, सासूबाई आणि आमचे हे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. यांचं नाव दत्ता, पण लग्नापासून कधी नावाने हाक मारली नाही, आता लिहितानाही हात अडतो. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. हे जालन्याला एमआयडीसीत, लोखंडाच्या सळ्या करतात त्या मिलमध्ये. रोज मोटरसायकलवर जाणं-येणं.

दोन वर्षांपूर्वी मिलमध्ये पाय घसरला आणि हे कंबरेवर पडले. डॉक्टरनी थोड्या दिवसांपुरत्या दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. नाव लिहीत नाही... उगाच कोणी शोधत जाईल. गुण आला, खोटं कशाला बोलू. पण थोडे दिवस संपले तरी गोळ्या संपेनात. डॉक्टरची चिठ्ठी जुनी झाली, मग चिठ्ठी नसतानाही मिळायला लागल्या. मिलमध्ये सोबतची पोरं सांगायची, "खाय अन् ड्यूटी कर." आधी कंबरेसाठी घ्यायचे, मग झोपेसाठी, मग उठण्यासाठी. जेवण तुटलं, पोट आठ-आठ दिवस साफ नाही, बोलायला गेलं की अंगावर येणार. हसून बोललेलं तर मी विसरूनच गेले होते. आणि कंबर? ती तशीच! डावा पाय ओढत चालायचे. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात ना, आमच्याकडे तर हत्ती घरात शिरून बसला होता.

शेवटी मी हिसका दाखवला. घर धुंडाळलं. गाडीच्या डब्यात, गव्हाच्या कोठीत, जिथे सापडल्या तिथून काढल्या आणि फेकल्या. डॉक्टरला विचारायचं सुचलं नाही. वाटलं, चार दिवस ओरडतील, मग सुटेल. आठवडा काढला यांनी, पण काय हाल! जांभयांवर जांभया, नाक गळतंय, भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन थरथरतायत, घामाने अंथरूण ओलं. शिव्या मला. त्याही मी ऐकून घेतल्या.

आत्यांना हे बघवेना. "सुमन, ह्ये साधं न्हाई. बाहेरचं हाय. मी उतारा काढून टाकते."

"आत्या, बाहेरचं न्हाई, मेडिकलमधलं हाय," मी म्हणाले.

पण आत्या ऐकतात होय! अमावास्येला सकाळी ताटलीत दहीभात, भाकरीचा तुकडा, लिंबू, मीठ-मिरच्या घेतल्या. आणि मला आदल्या दिवशी कपाटामागे सापडलेलं गोळ्यांचं अख्खं पाकीट पण त्या ताटलीत ठेवलं.

"ह्ये कशाला? मोरीत टाका की!"

"मोरीत टाकलं तर नवं आणंल त्यो. घरातली इडापिडा हीच हाय ना? मंग हिलाच जाऊ दे." वर म्हणाल्या, "अन् उताऱ्याला कोण हात लावतंय? कुत्रं बी वास घेत न्हाई."

हे मला पटलं, बरं का. कारण आमचे हे या बाबतीत फार भित्रे. रस्त्यात उतारा दिसला तर गाडी वावरातून घालतील पण ओलांडणार नाहीत. त्यांच्यापासून गोळ्या ठेवायला त्यापेक्षा सुरक्षित जागा नाही असं मला खरंच वाटलं. आत्यांनी ताटली यांच्या अंगावरून उतरवली. हे कॉटवर बसले होते. नजर ताटलीबरोबर फिरत होती... मला वाटलं घाबरलेत.

दुपारी बाराला आत्या ताटली घेऊन निघाल्या. उतारा ठेवला की मागे बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही आणि पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही असा नियम. तिठ्यावर ठेवून त्या तशाच देवीच्या टेकडीवर जाणार होत्या. थोड्या वेळाने हे उठले. "लिंबाखाली बसतो जरा, हवा घेतो," म्हणाले. जाऊ द्या बिचाऱ्यांना, म्हणून मी मशीनवर बसले.

त्या दिवशी नळ आला होता. आमच्याकडे नळ म्हणजे सणच, कित्येक दिवसांनी येतो. आत्यांचा मोठा पितळी हंडा भरून दाराशी राहिला होता. तो उचलून आतल्या कट्ट्यावर ठेवायला आम्हा दोघी लागायच्या. यांना तर कंबर मोडल्यापासून कळशी पण उचलू देत नव्हते.

तासभर झाला असेल. दारात सावली पडली. बघते तर हे.

"सुमे, हंडा उन्हात कशाला ठेवलास?"

आणि वाकून, एका दमात, हंडा उचलला! मी ओरडलेच, "अवो, कंबर!" तर आत चालत गेले आणि कट्ट्यावर ठेवला. पाय ओढत नव्हते, सरळ चालले. येऊन कॉटवर बसले आणि हसले.

"आता बिलकुल दुखत न्हाई," म्हणाले.

मी रडायलाच लागले. तोंड बघितलं का, असं तुम्ही विचाराल. बघितलं. तेच तोंड, तोच शर्ट, लग्नात होते तसे हसरे. फक्त सकाळपासून घामाने निथळणारा माणूस भर उन्हातून आला आणि कपाळावर एक थेंब नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पाय धुतले नव्हते, हेही नंतरच. तेव्हा मनात एवढंच - आत्या जिंकल्या! मी त्यांची थट्टा करत होते आणि त्यांच्या उताऱ्याने माझा माणूस मला परत दिला. चहा टाकते म्हणून गॅस पेटवला. स्वयंपाक तिथेच, त्याच खोलीत, कॉट समोर दिसतो.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. रफिकभाई. आमच्या शेजारी राहतात, टेम्पो चालवतात.

"उचलू नको," हे म्हणाले.

आवाज मऊ होता. मला वाटलं, आज कोणी मध्ये नको असेल. मी फोन कट केला. परत वाजला.

"उचलू नको सुमे. बस इथं माझ्याजवळ."

वर्षभरात मला असं कोणी जवळ बोलावलं नव्हतं हो! मी परत कट केला आणि गॅसपासून कॉटकडे निघाले. दोन पावलं राहिली असतील. तिसऱ्यांदा फोन वाजला आणि हातातच होता म्हणून नजर गेली.

स्क्रीनवर 'घरचे' आलं होतं.

'घरचे' म्हणजे यांचा नंबर. यांचा बटणांचा फोन कायम यांच्या खिशात असतो. मी समोर बघितलं. हे बसलेत. हात मांडीवर, खिसा रिकामा, माझ्याकडे बघून हसतायत. फोन माझ्या हातात वाजतोय. ओठ तसेच हसरे, पण डोळे मिटले नाहीत... पापणीच हलली नाही. 

बोट आपोआप पडलं. यांच्या फोनवरून आवाज रफिकभाईंचा.

"भाभी! फोन क्यूं काट रहे? दत्ताभाऊ इधर तिठ्यावर पडेल हाय! श्वास बराबर न्हाई चालून राह्यला, होट निळे पडलेत! मी टेम्पोत टाकून राह्यलो, जल्दी या!"

वर बघितलं तर कॉट रिकामा. दाराकडे जायचं तर माझ्या अंगावरून जावं लागतं, मागे दार नाही. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. मी किंचाळले की नाही, आठवत नाही. अनवाणी पळाले.

तिठ्यावर ताटली उपडी पडली होती. दहीभातावर मुंग्या. पाकीट रिकामं, सगळं. टेम्पोच्या मागच्या फळीवर हे पडले होते, घामाने चिंब, रंग राखेसारखा. एक श्वास यायचा आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटायचं, संपलं! मग परत एक. रफिकभाई गाडी हाणता हाणता ओरडत होते, "हलवा त्यांना, झोपू देऊ नका! आवाज द्या!"

लग्नानंतर पहिल्यांदा मी नावाने हाक मारली. "दत्ता! ए दत्ता! ऊठ, मेल्या! श्वास घे!" थोबाडीत मारल्या. रस्त्याने लोक बघत होते, बघू देत.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने हे एकदम उठायला गेले आणि किंचाळले, "आई गंऽऽ... कंबर!" आणि मी हसले. वेड्यासारखी हसले. सिस्टर माझ्याकडे बघायलाच लागल्या.

डॉक्टर चांगले होते, पण बोलायला कडक. म्हणाले, "ही गोळी अफूच्या जातीची. दुखणं बंद करते, जास्त झाली की श्वासही बंद करते. आठवडा बंद होती, अंगाची सवय मोडली होती, त्यात एकदम पाकीट खाल्लं. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. आणि बाई, असं एकदम तोडायचं नसतं, आमच्याकडे आणायचं असतं." मी मान हलवली. मग मी दुपारचं सांगितलं. ते म्हणाले, "उपाशी होतात, झोप नव्हती, ऊन होतं. मनाला जे हवं असतं ते दिसतं."

असेलही. मी पण दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या घरी आलो. हंडा कट्ट्यावर होता. काठोकाठ भरलेला.

"एकटीनं उचललास?" आत्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.   आत्यांनी हंडा मला एका बाजूने धरायला लावून बाहेर नेला आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतलं. नळ परत कधी येईल ते माहीत नसताना! तो हंडा आता परसात पालथा पडलेला आहे, त्याला कोणी हात लावत नाही. त्यावर आम्ही दोघी एक शब्द परत बोललेलो नाही.

यांना त्या दुपारचं फक्त इतकंच आठवतं. ताटली उचलली, सुटका नव्हती. "भीती त्या गोळीपेक्षा ल्हान पडली, सुमे," असं म्हणाले आणि रडले. मग एकदम कंबर हलकी झाली. आणि घरी जावंसं वाटलं, फार वाटलं. पुढचं काही नाही.

आता जालन्याला डॉक्टरकडे नेते. औषध त्यांच्या देखरेखीखाली चालू आहे, व्यायाम चालू आहे. मिल सुटली, एका गोदामावर बसून काम करतात. मध्ये एकदा पाय घसरला, परत गोळी घेतली, पण या वेळी स्वतः येऊन सांगितलं. कंबर दुखतेच. सकाळी कॉटवरून उठताना "आई गं" म्हणतात, आणि ते ऐकलं की मगच मी चहा टाकते. दुखतंय म्हणजे हेच आहेत. शेजारणी म्हणतात, नवरा कण्हतो आणि ही खुश! काय सांगू त्यांना?

तो कोण होता, काय होता... यांचाच जीव होता का घरी यायला निघालेला? मग मला फोन उचलू नको का म्हणाला? जीव असा स्वतःच्या मरणावर का टपून बसेल? की त्या गोळीलाच तोंड फुटलं होतं? मला माहीत नाही. विचार करत बसले की मशीनवर सुई बोटात जाते.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी हे कामावरून आले. पायऱ्या झपझप चढले. उंबऱ्यापाशी येऊन हसले आणि म्हणाले, "सुमे, आज बिलकुल दुखत न्हाई बघ!"

 मी दारात आडवी उभी राहिले आणि यांचा नंबर लावला.

"अगं समोर हाय की मी! येडी झालीस का?"

मी सरकले नाही. यांच्या खिशात फोन वाजायला लागला, तो मी पूर्ण वाजू दिला. मग मी म्हणाले, "आधी पाय धुऊन या."