मोपेडच्या कपाळी विभूती

मी आयुष्यात एकदाच मोपेडची टाकी फुल केली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या "मी आहे ना!" या वाक्याला काडीची किंमत उरलेली नाही.

अहमदपुरात माझं किराणा दुकान आहे. दुकानाची मोपेड बारा वर्षांची. तिच्यावरून मी गुळाच्या ढेपा वाहिल्या, तेलाचे डबे वाहिले, एकदा तर एक अख्खं लोखंडी कपाट वाहिलं (कपाट पोचलं, आरसा वाटेत राहिला). पेट्रोल मात्र तिने पोटभर कधी पाहिलं नव्हतं. पंपावर गेलं की "शंभरचं टाक" एवढंच मला म्हणता यायचं. गाडी अर्धपोटी, मालक डायबेटिसमुळे अर्धपोटी, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

माझ्या बायकोची, संगीताची, आई ती चार वर्षांची असतानाच गेली. तिला वाढवलं नांदेडच्या शांतामावशीने. वेण्या घातल्या मावशीने, शाळेत घातलं मावशीने, आणि माझ्यासारखा नवराही मावशीनेच शोधून दिला. (या शेवटच्या उपकाराबद्दल संगीता अलीकडे फारसं बोलत नाही.) मावशींचा मुलगा नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला स्थायिक झाला. मावशींचे गुडघे गेले, एकट्याने राहणं होईना, म्हणून तो त्यांना कायमचं घेऊन जायला आला. नांदेडहून दुपारी साडेचारची गाडी होती.

संगीता आठवडाभर आधीपासून म्हणत होती, "मी आदल्या दिवशीच जाते. रातभर मावशीजवळ राहते."

"दुकानात सणाचा माल यायचाय. मला एकट्याला जमायचं न्हाई," मी म्हणालो.

"मग त्या दिवशी सकाळच्या यष्टीनं जाते."

"यष्टीत कशाला धक्के खातीस? मलाबी मावशीच्या पाया पडायचंय. मोपेडवर दोन तासात नांदेड! मी आहे ना!"

झालं. ते वाक्य मी उच्चारलं आणि आमचे ग्रह फिरले.

लांबचा प्रवास म्हणून मी सकाळी पंपावर जाऊन छाती पुढे काढून सांगितलं, "फुल कर!" पंपावरचा माणूस मला ओळखतो. त्याने दोनदा विचारून खात्री केली. पेट्रोल झाकणापर्यंत आलं, तेव्हा मला उगीचच मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

आम्ही शिवभक्त माणसं. कुठे निघायचं तर आधी कपाळावर तीन बोटं विभूती ओढायची, मग गाडीला. आता मोटारीला कपाळ असतं, मोपेडला कुठलं? सीटच्या पुढे टाकीचं जे गोल झाकण असतं ना, ते मला कायम तिचं कपाळ वाटत आलंय. दरवेळी तिथे विभूती लावायचो आणि दरवेळी गावाबाहेर पडेपर्यंत ती वाऱ्यावर उडून जायची. या खेपेला मी विचार केला, मावशींच्या दारात गाडी उभी राहील, तेव्हा विभूती ठसठशीत दिसायला हवी. दुकानाच्या फळीवर डिंक होताच. थोडा पाण्यात भिजवला, त्यात विभूती कालवली आणि झाकणावर अशी काही थापली की घराच्या भिंतीलाही गवंड्याने तसा गिलावा केला नसेल!

संगीता डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आली. झाकणाकडे बघून म्हणाली, "एवढी?"

"देवाच्या कामात हात आखडू न्हाई," मी म्हणालो.

साडेबाराला निघालो. चार तास हातात होते. गावाबाहेर सहा-सात किलोमीटरवर मोपेड खोकली, थबकली आणि बंद पडली.

मी किक मारल्या. पंधरा मारल्या, वीस मारल्या. प्लग काढला, लेकराचं नाक पुसावं तसा रुमालाने पुसला, परत बसवला. ढिम्म! पंपवाल्याने पेट्रोल कमी टाकलं की काय, असा पापी विचार मनात आला म्हणून झाकण उघडलं. टाकी काठोकाठ. झाकण लावलं, किक मारली. फट्‌फट्‌फट्‌! सुरू!

"बघितलंस? प्लगचं काम होतं," मी म्हणालो.

"अवो, तुमी झाकण उघडलं, मग चालू झाली," संगीता म्हणाली.

"झाकणाचा काय संबंध? इंजिन खाली असतंय, झाकण वर."

तिला गाडीतलं काही कळत नाही, असं माझं चोवीस वर्षांचं ठाम मत होतं. मलाही कळत नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळायचं होतं.

पुढे पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. एका फाट्यावर चहाची टपरी होती. तिथे बसलेल्या एका पागोटेवाल्या बाबांनी कप खाली न ठेवताच निदान केलं. "पेट्रोलात पाणी हाय. कुशीवर निजवा तिला."

आम्ही दोघांनी मिळून मोपेड रस्त्याकडेला निजवली. डावी कूस, उजवी कूस. आजारी म्हशीचंही एवढं कुणी करत नाही! मग उभी केली, पाण्याचा वास येतो का बघायला झाकण उघडून नाक घातलं, झाकण लावलं, किक मारली. सुरू!

"बाबा, तुमच्या जिभेवर सरस्वती हाय!" मी त्यांचे पाय धरले.

"अवो, झाकण..." संगीता म्हणाली.

"आधी बस मागं."

तेवढ्यात मावशींचा फोन आला. "जावईबापू, कुठपत्तर आलाव?"

"लोह्यात शिरायलोच बघा!" मी ठोकून दिलं. लोहा अजून वीस किलोमीटर होतं.

तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा एक निवृत्त ड्रायव्हर मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता आणि मोपेडकडे ते ट्रकच्या नातवाकडे बघावं तसं बघत होते. "कार्बोरेटरला कचरा अडकलाय. नळी काढा आन् ओढा तोंडानं."

मी ओढली. कचरा आला नाही. पेट्रोल मात्र घशापर्यंत आलं, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून असा काही नाचलो की समोरून येणारा ट्रॅक्टर थांबला. मी तोंड धूत असताना ते गृहस्थ म्हणाले, "टाकीत किती राहिलं बघा." झाकण उघडलं, लावलं, किक मारली. सुरू!

 संगीताने या खेपेला नुसतं झाकणाकडे बोट दाखवलं. मी दुसरीकडे पाहिलं.

चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा घड्याळात तीनला दहा कमी होते. मागून नांदेडची यष्टी येताना दिसली. संगीताने पिशवी खांद्याला अडकवली आणि रस्त्याच्या मधे जाऊन हात केला. यष्टी थांबली! फाटा नाही, थांबा नाही, पण ड्रायव्हरला तिचा चेहरा बघून काय वाटलं कुणास ठाऊक, तो थांबला. कंडक्टरने दार उघडलं.

"मी जाते म्होरं. तुमी या गाडी घेऊन," संगीता म्हणाली. एक पाय तिने पायरीवर ठेवलाही होता.

आणि मी काय केलं? मी त्याच वेळी (सवयीने) झाकण उघडून लावलं होतं आणि किक मारली होती. मोपेड फट्‌फट्‌ करत सुरू झाली. मी हात हलवून ओरडलो, "जाऊ द्या मास्तर! झाली गाडी नीट! उतर गं, यष्टीच्या आधी पोचतो आपण!"

"नक्की?" संगीता म्हणाली.

"मी आहे ना!"

ती उतरली. यष्टी गेली. या गोष्टीवर हसणाऱ्यांनी इथपर्यंत खुशाल हसावं, मीही हसतो. पण तिने पायरीवरचा पाय खाली घेतला, ते आठवलं की मला अजून घास गोड लागत नाही.

लोह्याच्या अलीकडे गाडी शेवटची बंद पडली. या वेळी मी कुणाचं न ऐकता (आणि झाकणाला हात न लावता, हट्टाने!) ती ढकलत लोह्यात नेली. संगीता मागून ढकलत होती. रस्त्यावर एक गॅरेज दिसलं. रज्जाकभाई नावाचे वयस्कर मेकॅनिक स्टुलावर बसून एका इंजिनाची तपासणी करत होते. मी त्यांना प्लग, पाणी, कचरा अशी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी माझ्याकडे न बघता टाकीच्या झाकणाकडे बघितलं.

"सेठ, ये क्या थोपे ढक्कन पे?"

"विभूती."

"वो तो दिखरी. मिलाए क्या उसमें?"

मी हळूच म्हणालो, "डिंक."

रज्जाकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "अहो सेठ, झाकणाला बारीक भोक असतंय. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला पायजे. टाकी अर्धी असली तर आतल्या हवेवर गाडी जरा लांब तरी जाती. तुमी टाकी केली फुल आन् भोक केलं बंद. ती बिचारी श्वास कुठून घेणार? झाकण उघडलं की हवा गेली, चालू. लावलं की थोड्या वेळात बंद."

मी संगीताकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

"बाई, पिन हाय का?" त्यांनी तिला विचारलं. तिने पदराची सेफ्टीपिन काढून दिली. त्यांनी झाकणाचं भोक टोकरलं, फुंकर मारली, आणि हात कपाळाला लावून म्हणाले, "देवाचं बरोबर हाय सेठ. जागा चुकली तुमची."

पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत. "पिन मारायचे काय पैसे? जावा, गाठा तुमची गाडी."

साडेतीन वाजून गेले होते. मग मात्र मोपेड अशी धावली की बारा वर्षांत धावली नव्हती. वाटेत मावशींचे तीन फोन आले. मी तीनदा सांगितलं, "पाच मिनिटात आलोच! डब्याच्या दारातच थांबा, दिसतोच आम्ही!" नांदेडात शिरल्यावर ऑटोंच्या गर्दीतून, एका हातगाडीला धक्का देऊन, दोनदा शिव्या खाऊन स्टेशन गाठलं. मोपेड तशीच टाकून पळालो. संगीता माझ्या पुढे होती.

फलाटावर गाडीचा शेवटचा डबा आमच्या डोळ्यांदेखत लांब जात होता. पाच-सहा डबे पुढे दारात एक पांढरं लुगडं आणि हलणारा हात दिसला. मावशीच असतील. संगीता म्हणते, मावशीच होती. मला नीट दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी होतं. (पेट्रोलचा वास जाता जात नव्हता, असं मी तेव्हा सांगितलं.)

फोन लागला तेव्हा कळलं, मावशी माझ्या भरवशावर अर्धा तास डब्याच्या दारात उभ्या होत्या. मुलगा बस म्हणत होता. "जावईबापू म्हनले दारात थांबा, ते येतेतच," असं म्हणून त्या ते दुखरे गुडघे घेऊन उभ्या राहिल्या. मला त्या एवढंच म्हणाल्या, "असू द्या ओ. गाडीचं काय तुमच्या हातात असतंय का?" ते सगळं माझ्याच हातात होतं, हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. मावशींना प्रवास झेपत नाही, आमचं एवढ्या लांब जाणं होत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. मावशींना फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा आम्हाला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. संगीता तासभर त्याच्याशी बोलते. मी दुकानात जाऊन बसतो.

त्या दिवशी स्टेशनबाहेर आल्यावर मी मान खाली घालून मोपेड सुरू केली. पहिल्या किकला सुरू झाली, निर्लज्ज! संगीता माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी यष्टीनं येते."

पुढे जायची माझी काय टाप! ती अहमदपूरच्या यष्टीत खिडकीशी बसली आणि मी मोपेड घेऊन यष्टीच्या मागे निघालो. यष्टी थांबली की मी थांबायचो, यष्टी निघाली की निघायचो. चालत्या यष्टीचा सगळा धूर मी श्रद्धेने घेतला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

लोह्याच्या स्टँडवर यष्टी उभी राहिली. मी तिच्या खिडकीखाली जाऊन मोपेड लावली आणि वर बघत उभा राहिलो. ती समोर बघत होती. कंडक्टरला शंका आली असावी. तो खिडकीशी येऊन तिला म्हणाला, "बाई, हे मोपेडवालं नांदेडपासून आपल्या मागं लागून राहिलंय. तुमाला तरास देत असंल तर सांगा, ड्रायव्हर आन् मी बघतो त्याच्याकडं."

संगीताने पहिल्यांदा खाली माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ड्रायव्हर एव्हाना बाह्या सरसावून उतरत होता.

"न्हाई, राहू द्या," ती म्हणाली. "वळखीचे हायत."

चोवीस वर्षांच्या संसारानंतर नुसता ओळखीचा! पण त्या दिवशीची माझी कामगिरी बघता, तेवढी ओळख तिने दाखवली हेच पुष्कळ झालं. ड्रायव्हर चांगलाच अंगापिंडाने भरलेला होता.