काकीची ओटी

माझ्या थोरल्या काकीच्या अंगात देवी यायची. मंगळवारी दिवेलागणीला ती केस सोडून घुमायला लागली की रहाटणी गावातल्या बायका नारळ घेऊन आमच्या ओसरीवर जमायच्या. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची पोर माहेरी परत आलेली. काकी कौल द्यायची. एरवी तिला घरात कोण विचारतंय! मूलबाळ नाही म्हणून आजी तिला उठता-बसता टोचायची, आणि मंगळवारी तीच आजी तिच्या पायावर डोकं ठेवायची.

आई मात्र तिच्या पाया कधी पडली नाही. "देवी आली की भाकरी माज्या गळ्यात," म्हणत ती चुलीपुढे धुसफुसायची.

पिंपरीला तेव्हा कारखाने उभे राहत होते. काका एका कंपनीत लागले होते. एकदा घुमता घुमता काकी चुलीवर पडली, हात भाजला. काका घाबरले. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी काकीला शांतपणे सगळं विचारलं, घरात तुमचं कोण ऐकतं हेसुद्धा. मग म्हणाले, हा हिस्टेरिया आहे. सोंग नाही, आजार आहे. गोळ्या दिल्या.

काका हरखले. पारावर जाऊन सगळ्यांना सांगून आले, "देवी न्हवती, आजार व्हता!" बिचाऱ्यांना वाटलं, बायको परत मिळाली. काकीची अडचण वेगळीच होती. मंगळवारी गोळी हातात धरून ती म्हणाली, "उपासाला चालती का ही?" काका दुसऱ्या दिवशी सायकल मारत तेवढं विचारायला पुण्याला गेले.

घुमणं थांबलं. बायकाही थांबल्या. गरज सरो, वैद्य मरो. कौल घेऊन गेलेल्या बायका आता विहिरीवर आपली पोरं काकीपासून लांब ओढायच्या. आजीला टोचायला 'येडी' हा नवा शब्द मिळाला. मला अजून त्या बायांचा राग येतो.

एक दिवस तांदूळ निवडताना काकी आईला म्हणाली, "आजार व्हता, तर इतकी वरसं बाया पाया कुनाच्या पडत व्हत्या गं? आन् आता मी कोन?"

आई खडे वेचत राहिली.

मग नवरात्र आलं. आठव्या माळेला आळीतल्या बायका आधी काकीची ओटी भरायच्या आणि मग देवळात जायच्या. आमच्यात मूल नसलेल्या बाईची ओटी भरत नसत. काकीची भरायचे ती देवीची म्हणून. त्या वर्षी सगळ्या जणी आमच्या दारावरून सरळ पुढे गेल्या. आईही ताट घेऊन त्यांच्यात होती, मी तिच्या मागे. चार घरं गेल्यावर ती थांबली आणि मागे वळली.

काकी आतल्या खोलीत बसली होती. आईनं पाट मांडला. काकीनं पदर आवरून घेतला.

"आता न्हाई येत गं देवी माज्यात."

"म्हाईत हाय. देवीची देवळात भरीन. ही तुमची हाय, आक्का. पदर धरा."

काकीनं पदर पसरला. आईनं तांदूळ, खण, नारळ घातला, कुंकू लावलं. मग वाकून पहिल्यांदा तिच्या पाया पडली.